मंदीत सेंद्रिय मालाला गिऱ्हाईक टिकते का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच चिंतेची आहेत. नोकऱ्या डळमळीत झाल्या, पगार कापले गेले, मुंबईहून गावी येणारा पैसा आटला, तर सेंद्रिय अन्नाची मागणी टिकेल का, असे उत्पादक विचारत आहेत. आणि घर चालवणाऱ्यांना नेमके काय घ्यावे व काय सोडावे हे जाणून घ्यायचे आहे. त्यांतली काही पत्रे येथे थोडक्यात, नावे न देता, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : माझी हापूसची बाग रसायने सोडल्यानंतरचा रूपांतरणाचा काळ पूर्ण होऊन सेंद्रिय म्हणून प्रमाणित झाली आहे. मुंबईतील ठरलेली गिऱ्हाइके यंदा पाच डझनांची पेटी घ्यायला कचरत आहेत. काहींनी तर ‘साधा आंबा चालेल, पण स्वस्त पाठवा’ असे कळवले आहे. पुन्हा रासायनिक फवारणीकडे वळावे का? (एक बागायतदार, देवगड तालुका)

घाईने वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे पहिले कारण हिशेबाचे आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा आणि आंब्यासारख्या बहुवर्षायू पिकांना तीन वर्षांचा रूपांतरणकाळ लागतो. या काळात खर्च आणि नुकसान सेंद्रिय शेतीचे असते, पण भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. हा घाटा आपण एकदा सोसला आहे. एका वाईट हंगामाच्या धास्तीने निषिद्ध औषध फवारले, तर प्रमाणपत्र जाते आणि दिवस पालटल्यावर तीच तीन वर्षे पुन्हा मोजावी लागतात. दरवर्षी मोहोर यावा म्हणून झाडाला घालतात त्या पॅक्लोब्युट्राझोल या वाढरोधक रसायनाचेही तसेच आहे. हापूस मुळात वर्षाआड भरघोस येणारा. ते द्रव्य बंद केल्यावर झाडाची लय बसायला जो वेळ गेला, तो आपण पुन्हा घालवणार का, हा खरा प्रश्न आहे.

दुसरे कारण गिऱ्हाइकाच्या वागण्यात आहे. आपल्या गिऱ्हाइकांचा सेंद्रिय आंब्यावरचा विश्वास उडालेला आहे, असे आपल्या पत्रातून मला कोठेही दिसत नाही. त्यांना जड जाते आहे ती एकरकमी मोजावी लागणारी रक्कम. तांदूळ, तेल, डाळ यांचा खर्च महिनाभर पसरतो. आंब्याच्या पेटीचे पैसे एका दिवसात हातातून जातात, आणि ज्या घरात पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री नाही त्या घरात असा एकरकमी खर्च सर्वांत आधी थांबतो. म्हणून भाव पाडण्याआधी पेटी लहान करून पाहावी. एक डझनाचा, फार तर दोन डझनांचा खोका करावा. एकाच इमारतीतील चार-पाच घरांचा माल एकत्र पाठवला, तर वाहतुकीचा वाढीव खर्चही बराचसा भरून निघतो. २०२०च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांपर्यंत आंबा थेट पोहोचवण्याची जी वाट अनेक बागायतदारांनी नाइलाजाने धरली, ती अशा दिवसांत मुद्दाम धरण्याजोगी आहे.

आता फळाच्या प्रतवारीकडे येतो, कारण सेंद्रिय बागेचे नुकसान खरे येथे होते. तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी यांच्याशी रसायनांविना झुंजताना फळ कमी धरते आणि जे धरते त्यातील काहींच्या सालीवर डाग राहतात. आतला गर उत्तम असूनही असे डागी फळ पेटीत चालत नाही. ते कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, जाते, आणि तेथे सेंद्रिय मालाला वेगळा भाव मिळण्याची आशा फारशी नसते. म्हणजे ज्या फळासाठी आपण सर्वांत जास्त कष्ट घेतले, ते सर्वांत कमी दराने विकले जाते. मंदीत हेच फळ आपल्या उपयोगी पडू शकते. ‘सालीवर डाग आहेत, रसासाठी उत्तम, भाव कमी’ असे स्वच्छ सांगून डागी फळ वेगळ्या खोक्यात द्यावे. हात आखडता घेतलेल्या कुटुंबाला सेंद्रिय आंबा परवडतो, आपल्याला कॅनिंगपेक्षा चांगला दर मिळतो, आणि मुख्य मालाचा भाव मोडत नाही. एकदा सरसकट भाव उतरवला की पुढच्या वर्षी तो वर चढवणे किती अवघड असते, हे बागायतदाराला मी सांगायला नको. डाग पडू नयेत यासाठीही जे करता येण्याजोगे आहे ते सोडू नये. फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा आणि बागेतली पडलेली फळे रोजच्या रोज गोळा करून नष्ट करणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत.

शेवटी एक गोष्ट कोकणापुरती. आपली बाजारपेठ मुंबईच्या मिळकतीवर उभी आहे. १९८२ साली गिरणी संप सुरू झाला तेव्हा मनीऑर्डरी थांबल्या आणि त्याची झळ रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घराघरांना बसली. २०२०मध्ये चाकरमानी स्वतःच गावी परतले. एका शहराची मिळकत आणि एका फळाचा दोन महिन्यांचा हंगाम यांच्यावर सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. ज्या घरांत आपला आंबा जातो त्याच घरांत पावसाळ्याआधी आमसूल आणि कुळीथ, दिवाळीनंतर नवा तांदूळ आणि नाचणी जाऊ शकते. आंबा नसलेल्या दहा महिन्यांत गिऱ्हाइकाशी नाते टिकले, तर आंब्याच्या वेळी फोन करताना दोघांनाही संकोच वाटत नाही.

प्रश्न : उत्पन्न घटले की लोक सेंद्रिय अन्न सोडून देतात, असे वर्गात शिकवले गेले. प्रत्यक्षात तसे घडल्याचे दाखले आहेत का? (कृषी पदवीचा विद्यार्थी, दापोली)

दाखले आहेत, आणि ते सगळे एका दिशेने बोट दाखवत नाहीत. ब्रिटनमध्ये २००८च्या आर्थिक संकटानंतर सेंद्रिय मालाची विक्री खरोखर घसरली. तेथील सॉइल असोसिएशन या संस्थेच्या अहवालांनुसार २००९मध्ये ती १२.९ टक्क्यांनी, २०१०मध्ये ५.९ टक्क्यांनी आणि २०११मध्ये ३.७ टक्क्यांनी कमी झाली. त्याच काळात अमेरिकेत विक्री घटली नाही, वाढीचा वेग मात्र मंदावला. ऑरगॅनिक ट्रेड असोसिएशनच्या आकड्यांप्रमाणे २००९मध्ये सेंद्रिय खाद्यपदार्थांची विक्री ५.१ टक्क्यांनी वाढली, तर एकूण खाद्यपदार्थांची केवळ १.६ टक्क्यांनी.

ब्रिटनच्या घसरणीत एक बारकावा आहे आणि तो आपण आपल्या टिपणात जरूर घ्यावा. मंदी येताच तेथील मोठ्या सुपरमार्केटांनी फळ्यांवरचे सेंद्रिय मालाचे प्रकार कमी केले. माल समोर नसेल तर तो घेतला जात नाही, आणि न घेतल्याचे कारण गिऱ्हाइकाचे उत्पन्न होते की दुकानदाराची भीती, हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय एकूण विक्री घटत असतानाही २०१०मध्ये लहान बाळांच्या सेंद्रिय खाद्यपदार्थांची विक्री तेथे वाढली. पालकांनी स्वतःच्या ताटातले कमी केले, पण बाळाच्या वाटीतले कमी केले नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

२०२२मध्ये महागाईमुळे जर्मनीतही सेंद्रिय मालाची एकूण विक्री ३.५ टक्क्यांनी घटली. तेथेही मार बसला तो प्रामुख्याने केवळ सेंद्रिय माल विकणाऱ्या खास दुकानांना. स्वस्त दरांच्या साखळी दुकानांनी स्वतःच्या छापाखाली विकलेला सेंद्रिय माल लोक घेतच राहिले. म्हणजे लोकांनी बरेचदा माल सोडला नाही, दुकान बदलले. याउलट २०२०मध्ये अमेरिकेत महासाथ आणि बेरोजगारी एकाच वेळी आलेली असताना सेंद्रिय खाद्यपदार्थांची विक्री १२.८ टक्क्यांनी वाढली, कारण लोक घरी स्वयंपाक करू लागले आणि आरोग्याची काळजी खिशाच्या काळजीइतकीच मोठी झाली.

आपल्या पाठ्यपुस्तकातला नियम चुकीचा नाही. उत्पन्न वाढले की अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७मध्ये मांडले; म्हणजे उत्पन्न घटले की अन्नाचा भार वाढतो आणि महाग माल सोडावासा वाटतो. भारतातील २०२२-२३च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के आणि शहरी कुटुंबांत सुमारे ३९ टक्के आढळला. एवढा मोठा वाटा अन्नावर जात असेल, तर भावातल्या थोड्या फरकानेही घराचे गणित हलते. त्यामुळे आपल्याकडे मंदीचा परिणाम युरोपाहून तीव्र असण्याची शक्यता मी गृहीत धरतो. परंतु ‘सेंद्रिय अन्न’ ही एकच वस्तू समजून तिची मागणी मोजू नये. रोजचा तांदूळ, बाळाची नाचणी, भेट म्हणून द्यायचा आंबा आणि आकर्षक वेष्टनातला काजूगर यांच्या मागण्या मंदीत चार वेगळ्या रीतींनी वागतात. आपल्या प्रकल्पासाठी विषय हवा असल्यास दापोलीच्याच बाजारात हे तपासता येईल.

प्रश्न : पतीच्या पगारात कपात झाली आहे. आतापर्यंत तांदूळ, डाळी, भाज्या, गूळ, तेल सगळे सेंद्रिय घेत होते. दोन लहान मुले आहेत. सगळे बंद करणे मनाला पटत नाही आणि सगळे चालू ठेवणे जमत नाही. काय ठेवावे? (एक गृहिणी, रत्नागिरी)

आपण सगळे बंद करण्याची गरज नाही आणि त्याबद्दल मनाला लावूनही घेऊ नये. जास्तीचा पैसा कशासाठी मोजायचा, हे ठरवण्याची कसोटी एकच ठेवावी : ज्या पिकावर काढणीच्या जवळपर्यंत फवारे पडतात आणि जे आपण सालीसकट किंवा पानासकट खातो, तेथे सेंद्रिय मालाचा फरक मोठा; जेथे मुळातच फवारणी होत नाही किंवा क्वचित होते, तेथे प्रमाणपत्रासाठी जास्त पैसे देणे आपल्याला आज परवडणारे नाही.

या कसोटीने पाहिले तर कोकणात राहणाऱ्या कुटुंबाचे भाग्य मोठे आहे. वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरी, भातानंतर शेतात राहिलेल्या ओलीवर येणारा कुळीथ, रानात आणि परसात वाढणारे कोकम, दारचा नारळ, फणस या सगळ्यांना कीटकनाशक सहसा लागतच नाही आणि लहान शेतकरी त्यावर पैसे घालतही नाही. अशी नाचणी दुकानातून ‘सेंद्रिय’ छापाच्या पिशवीत चढ्या भावाने घेण्याऐवजी आठवडा बाजारात पिकवणाऱ्या बाईंकडून घ्यावी. समजा, महिन्याला घरात तीन किलो नाचणी लागते आणि दोन्हींच्या भावात किलोमागे ४० रुपयांचा फरक आहे. तर १२० रुपये येथेच वाचले, आणि मुलांच्या पेजेत काहीही कमी झाले नाही. तांदळाचे थोडे विचारून घ्यावे लागते, कारण भाताला युरिया आता बहुतेक ठिकाणी जातो. तरीही लाल तांदळाची जुनी वाणे लावणारे, शेणखत आणि गिरीपुष्पाचा पाला यांवर भागवणारे शेतकरी जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडून वर्षाचा तांदूळ एकदम आणि दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घेतला तर भाव पुष्कळ उतरतो.

वाचलेला पैसा भाज्यांकडे वळवावा. रत्नागिरीच्या बाजारात घाटावरून येणारी वांगी, भेंडी, फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर आणि हंगामात द्राक्षे यांवर फवारणी अधिक असते. धुतल्याने वरवरचा अंश कमी होतो, हे खरे. पण जी औषधे वनस्पतीच्या आत भिनतात ती धुऊन जात नाहीत. सेंद्रिय भाजी घ्यायची तर या यादीतली घ्यावी. पावसाळ्यात तर तोही खर्च टाळता येतो. मांडवावरची काकडी, पडवळ, दोडकी आणि टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी यांसारख्या रानभाज्या बाजारात वाट्यांवर विकायला येतात, आणि रानभाज्यांना कोणी फवारा मारायला जात नाही. मात्र त्या विकणाऱ्या बाईंना ‘ही भाजी कुठून आणली’ असे विचारायला संकोचू नये. रस्त्याच्या कडेला तणनाशक मारलेल्या पट्ट्यातील टाकळा घेऊ नये.

मासळीबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. समुद्रातून धरलेल्या मासळीला सेंद्रिय म्हणून प्रमाणित करता येत नाही. प्रमाणीकरण असते ते पाळलेल्या माशांना. म्हणून ‘सेंद्रिय बांगडा’ असे कोणी म्हणत असेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

प्रश्न : आमचा महिला बचत गट कोकम सरबत, आगळ आणि आमसूल करतो. फळे आमच्या रानातली, कोणतेही औषध न मारलेली आहेत. ‘सेंद्रिय’ लिहिले तर भाव चांगला मिळेल असे सांगतात, पण प्रमाणपत्राचा खर्च झेपेल का, आणि मंदीत तो वसूल होईल का? (बचत गटाच्या अध्यक्ष, गुहागर तालुका)

ताई, आपल्या पत्रातील तीन पदार्थांत एक फरक आहे आणि त्यावर आपला निर्णय अवलंबून राहील. प्रक्रिया केलेल्या पदार्थाला ‘सेंद्रिय’ म्हणण्यासाठी त्यातील किमान ९५ टक्के घटक प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात आणि या मोजणीत पाणी व मीठ धरले जात नाही. सरबतात सर्वांत मोठा घटक साखर असतो. कोकम कितीही शुद्ध असले तरी बाजारातील साधी साखर घातली की ते सरबत सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. आणि सेंद्रिय साखर वापरली तर किंमत इतकी चढते की मंदीत ती बाटली फळीवरच राहील. आगळात मात्र कोकमाचा रस आणि मीठ, आमसुलात कोकमाची साल, तिचाच रस आणि मीठ. हे दोन्ही पदार्थ कच्चा माल प्रमाणित झाल्यास विनासायास नियमात बसतात. म्हणून माझा सल्ला असा की सरबत साध्या नावाने, रास्त भावात चालू ठेवावे आणि प्रमाणपत्राचा विचार आगळ व आमसुलापुरता करावा.

प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. निर्यातीसाठी आणि मोठ्या खरेदीदारांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या देखरेखीखाली चालणारी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची वाट आहे. तीत त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि खर्च बऱ्यापैकी येतो. आपला माल देशातच विकला जाणार असेल तर केंद्रीय कृषी मंत्रालयाची सहभाग हमी पद्धत, म्हणजे पीजीएस-इंडिया, आपल्याला सोयीची. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, गटातील सभासद एकमेकांच्या शेतांची पाहणी करून नोंदी ठेवतात आणि पैशांपेक्षा वेळ व शिस्त जास्त लागते. बचत गटाची हजेरी आणि हिशेबाची वही ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली आहे, त्यांना या नोंदी अवघड जाणार नाहीत.

प्रमाणपत्र हाती येईपर्यंत काय लिहावे? अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नासंबंधीचे नियम २०१७मध्ये आले आणि जुलै २०१८पासून लागू झाले. त्यांनुसार दुकानात वेष्टनातून विकल्या जाणाऱ्या मालावर ‘सेंद्रिय’ लिहायचे तर वरीलपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र हवे आणि सेंद्रिय मालासाठी ठरवून दिलेले चिन्ह हवे. लहान मूळ उत्पादकाने स्वतः थेट ग्राहकाला विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. गणपतीत गावी आलेल्या चाकरमान्यांना आपण हातोहात आमसूल देता तेव्हा हे ओझे आपल्यावर नाही. मुंबईच्या दुकानात बाटली ठेवली की आहे. तोवर आगळ व आमसुलाच्या लेबलवर ‘गुहागरच्या रानातील कोकम, साखर नाही, रंग नाही’ एवढे लिहावे. ते खरे आहे, तपासता येते, आणि पैसे जपून खर्च करणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमके हेच वाचायचे असते.

प्रश्न : सेंद्रिय अन्न खरोखर अधिक पौष्टिक असते का? नसेल तर मंदीत त्यावर पैसे घालावेत कशाला? (एक वाचक, डोंबिवली)

पौष्टिकतेबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२मध्ये केलेल्या आढाव्यात जीवनसत्त्वांच्या बाबतीत ठळक फरक आढळला नाही. न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४३ अभ्यासांवर आधारलेल्या विश्लेषणात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा अपायकारक धातू कमी आढळला. कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय मालात कमी असतात, हे मात्र दोन्हींत दिसते. म्हणून अधिक जीवनसत्त्वांसाठी पैसे मोजू नयेत. फवारणी टाळण्यासाठी, आणि पिकवणाऱ्याच्या अंगावर, विहिरीत, ओढ्यात जाणारे औषध कमी व्हावे यासाठी मोजावेत. दोन्ही कारणे पुरेशी वजनदार आहेत. पण घरात भाजीचे प्रमाणच कमी पडत असेल, तर आधी साधी भाजी पोटभर घ्यावी.

प्रश्न : आमच्या घरगुती निवासात पर्यटक कमी झाले आहेत. फलकावर ‘सेंद्रिय जेवण’ असे लिहिण्याचा सल्ला मिळाला आहे. लिहावे का? (एक वाचक, तारकर्ली)

लिहू नये. आपल्या ताटातील तेल, डाळ, साखर आणि मसाल्याची मिरची बाहेरून येते. ‘सेंद्रिय जेवण’ हा दावा आपल्याला सिद्ध करता येणार नाही, आणि एका पाहुण्याने खोलात विचारले की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जाईल. जे आपले आहे ते नावाने लिहावे : घरच्या शेतातील उकड्या तांदळाची पेज, परसातील अळूचे फदफदे, दारच्या नारळाची सोलकढी, सकाळी बंदरावर घेतलेली मासळी. ज्या पदार्थांसाठी माल बाहेरून येतो, ते फलकावर नुसत्या नावाने असू द्यावेत. पाहुण्यांना हवे असल्यास कुळथाचे पीठ आणि तिरफळे घरी न्यायला बांधून द्यावीत. निवासाचे दिवस कमी झाले तरी या विक्रीला खोली रिकामी असण्याची अडचण येत नाही.